रिकामा कप पाठवायचा नाही

आमच्या संस्थेचं दुकान उघडलं त्या सकाळी आई नारळ घेऊन लॅपटॉपसमोर उभ्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. दुकान म्हटलं की उंबरा आला आणि उंबरा आला की नारळ आला, एवढं त्यांचं सरळ गणित. मी त्यांना पडद्यावरचं पान दाखवलं. हे टी-शर्ट, हे कप, ही कापडी पिशवी, इथं बोट लावलं की माणूस घरबसल्या विकत घेतो. त्यांनी चष्मा पदरानं पुसला आणि सगळं निरखून पाहिलं.

“अच्छा. आणि शटर कुठाय?”

“शटर नसतं, आई. हे दुकान कायम उघडंच.”

“कायम? मग जेवायला कधी जायचं माणसानं?”

नारळ शेवटी मोरीत फुटला. त्याच्या पाण्याचं एक बोट आईंनी लॅपटॉपच्या झाकणाला लावलं आणि मी धावत फडकं आणलं. पण लॅपटॉपला काही झालं नाही. उलट खोबरं वाटून होतंय न होतंय तोच फोन टणकन वाजला, पहिली ऑर्डर आली. नारळाशिवाय हे तुझ्यानं झालं नसतं, अशा नजरेनं आईंनी माझ्याकडे पाहिलं.

दुकान म्हणजे काही फार मोठा व्यापार नव्हता. मी इथं जबलपुरात एका कॉलेजात संगणक शिकवते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही काही जण रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बसायला लागलो. जुने संगणक दुरुस्त करायचे, येईल त्याला शिकवायचं, आणि असे प्रोग्राम लिहायचे की जे कुणीही फुकट वापरावेत, उघडून पाहावेत, हवे तसे बदलावेत. पगार कुणालाच नाही. मिळतो तो चहा, आणि तोही कधीकधी गार. हळूहळू इंटरनेटवरून लांबलांबची माणसं येऊन मिळाली. त्यातल्या कित्येकांना मी आजवर पाहिलेलं नाही, पण त्यांच्या चुका मला तोंडपाठ आहेत.

ही सगळी मंडळी मला दीदी म्हणतात आणि दीदीच्या मागे त्यांचा एकच धोशा होता: आपलापण टी-शर्ट पाहिजे. कुठं गेलं तर लोकांना कळलं पाहिजे की आपण यांच्यातले. मी म्हटलं, ठीक आहे, रंग ठरवा. इथं चूक झाली. निळा की काळा यावर हॉलमध्ये असं घमासान झालं की चहा निवून गेला तरी कुणाचं लक्ष नाही. शेवटी काळा जिंकला. घरी आईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “संक्रांत सोडून काळं कोण घालतं?”

“संगणकवाले घालतात.”

“म्हणूनच ते असे दिसतात,” म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

आमच्या संस्थेची खूण आहे उघडं कुलूप. ज्ञान कुलपात ठेवू नये असा त्याचा अर्थ, आणि तो आम्हाला फार खोल वाटतो. गोहलपुरात छपाईचं एक लहानसं वर्कशॉप आहे. एका बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्या, दुसऱ्या बाजूला शिलाई मशिनी, मध्ये छपाईवाल्या भैयांचं काम चालतं. मी चित्र पाठवलं आणि काही दिवसांनी नमुना बघायला गेले, तर शर्टावरचं कुलूप बंद. चांगलं घट्ट बंद.

“भैया, ये ताला तो खुला था!”

“हाँ दीदी,” ते खुशीत म्हणाले, “डिज़ाइन में गलती से खुला रह गया था. हमने लगा दिया.”

माझा राग तसा नाकावरच असतो. पण दुसऱ्याचं उघडं राहिलेलं कुलूप लावून दिल्याचा इतका स्वच्छ आनंद त्या माणसाच्या चेहऱ्यावर होता की मी तिथंच हसत सुटले. सगळं पुन्हा समजावून सांगितलं, पुढचे सगळे शर्ट नीट छापून आले. बंद कुलपाचा तो एकुलता एक शर्ट माझा नवरा अजून घालतो. घरात कुणीतरी सावध पाहिजे, म्हणतो.

हॉलमध्ये माल ठेवायला जागा नव्हती, म्हणून सगळी खोकी आमच्या फ्लॅटमध्ये आली आणि समोरची खोली भरून गेली. पॅकिंगला रविवारची मंडळी येणार होती. सगळे आले, चहा प्यायले, खोक्यांवर पत्ता आपोआप छापणारा प्रोग्राम कसा लिहावा यावर फार सुंदर चर्चा केली आणि निघून गेले. खोकी जिथल्या तिथं. मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात आईंनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, “कैची कुठाय?”

मी पळत जाऊन कात्री आणली. का पळत, ते सांगायला हवं.

आईंचं सगळं आयुष्य इथल्याच जुन्या वस्तीत, दीक्षितपुऱ्यात गेलं. सासरे डिफेन्स फॅक्टरीत होते. भाड्याच्या खोल्या, खडा जिना, आणि त्या जिन्यावरून दिवसभर वाट्यांची ये-जा. यांच्याकडून भरली वांगी खाली गेली की खालून कढी वर यायची. वाटी कधी रिकामी परतायची नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं भांडं शेजाऱ्याच्या हातात द्यायचं नाही. सासरे गेले तरी त्या तिथंच राहिल्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिना झेपेना, आणि आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. इथं लिफ्ट आहे, गॅलरी आहे, सकाळचं ऊन आहे. आल्या आल्या त्यांनी समोरच्या फ्लॅटमध्ये भरल्या वांग्यांची वाटी पाठवली. समोरच्या बाई भल्या आहेत. त्यांनी वाटी घासूनपुसून लखलखीत केली आणि पुन्हा पुन्हा थँक्यू म्हणत परत दिली.

“रिकामी आली,” आई म्हणाल्या.

“आई, किती छान घासलीय बघा तरी.”

“हाव. रिकामी आली.”

त्यानंतर त्यांनी त्या दाराकडे पाहिलं नाही. रुसल्या म्हणावं तर तसंही नाही, रुसलेलं माणूस निदान टोमणे तरी मारतं. त्या पाहुण्यासारख्या राहायला लागल्या. टीव्ही लावू का विचारायच्या. जेवण झालं की स्वतःचं ताट धुऊन ठेवायच्या. दीक्षितपुऱ्यातल्या खोल्या घरमालकानं अजून दुसऱ्या कुणाला दिलेल्या नाहीत, हे अधूनमधून सहज सांगायच्या. मला ते सहज वाटायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड पोळी लाटता येत नव्हती, आणि या बाईनं साऱ्या दीक्षितपुऱ्याला सांगून टाकलं होतं की आमच्या सुनेला संगणक येतो, वांगी मी करते. तेवढ्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं नोकरी केली. त्या माझ्या घरात पाहुण्या म्हणून राहाव्यात हे मला सहन होत नव्हतं. म्हणून कात्री मागितली तेव्हा मी पळाले.

आणि पॅकिंग तरी काय करायच्या! तान्ह्याला दुपट्यात गुंडाळावं तसं कपाला वर्तमानपत्र गुंडाळायच्या. प्रत्येक खोकं कुठं चाललंय ते मला विचारून घ्यायच्या.

“हे कुठं?”

“गुवाहाटीला.”

“तिकडे थंडी असंल. पुऱ्या बाह्यांचा नाही का शर्ट?”

एकदा मी आतून बाहेर आले तर त्या नव्या टी-शर्टाच्या कोपऱ्याला देवापुढचं कुंकू लावायच्या बेतात होत्या. मी जाऊन हातच धरला. “नवा कपडा असाच देतात का कोणाला?” त्या म्हणाल्या. मी सांगितलं, हे दुकान आहे, आहेर नाही. त्या पुटपुटत बाजूला झाल्या. त्या दिवसापासून मी टी-शर्टांवर नजर ठेवली. कपांकडे आणि पिशव्यांकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही.

ते दिवस फार मजेचे होते. फोन वाजला की आई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “दुकान वाजलं!” दुपारी कुरियरवाले भैया यायचे, त्यांना आधी पाणी मिळायचं आणि मग खोकी आपटल्याबद्दल बोलणी. बहिणीशी फोनवर आई सांगायच्या, “आमचं दुकान चालू आहे ना, फुरसत कुठाय.” आमचं दुकान! मी दाराआड उभी राहून ते ऐकायची आणि माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. संगणकातलं काही नवीन जमलं की होतात तशाच. दीक्षितपुऱ्याच्या खोल्यांचा विषय निघेनासा झाला होता.

अशातच एका दुपारी संस्थेच्या ग्रुपवर एक फोटो आला. आमचा कप. कपात कागदाची पुडी. पुडीतून निघून कपाच्या कडेवरून, टेबलावरून थेट कुणाच्या तरी कीबोर्डमध्ये शिरलेली मुंग्यांची रांग. प्रोग्राममधल्या चुकीला आम्ही बग, म्हणजे किडा, म्हणतो. खाली लिहिलं होतं: “दीदी, स्टोर में बग है. असली वाला.”

मग एकेकाला कंठ फुटला. मेरे कप में भी शक्कर थी. मेरे थैले में भी. एकानं ती पांढरी पावडर बघून घाबरून पुडी उघडलीच नव्हती. एकीला वाटलं की कपाबरोबर साखर देणं ही आमची योजनाच आहे, आणि तिनं त्या साखरेचा चहा करून प्यायलादेखील होता. मी स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा उघडला. तळ दिसत होता.

“आई, कपात साखर घातलीत?”

“मग काय रिकामा पाठवू?” वरणात मीठ घातलं का असं विचारल्यासारख्या त्या माझ्याकडे पाहून राहिल्या.

रविवारी हॉलमध्ये यावर पोट दुखेपर्यंत हसणं झालं. पण ज्याच्या कीबोर्डमध्ये मुंग्या गेल्या त्याला तो सगळा खोलून साफ करावा लागला होता, आणि खाण्याचे जिन्नस असे पाठवणं बरं नाही, हे सगळ्यांना पटलं. नियम झाला: पार्सलमध्ये मालाशिवाय काहीही जाणार नाही. नियम मीच टाइप केला. त्यात चूक काहीच नव्हतं. मुंगी ती मुंगीच.

घरी येऊन मी आईंना जितकं गोड करून सांगता येईल तितकं सांगितलं.

“अच्छा. चलो, ठीक,” त्या म्हणाल्या आणि कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. “तुमचं दुकान, तुमचा कायदा.”

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. मी कॉलेजातून येऊन एकटीच खोकी भरायची. फोन वाजायचा आणि कुणी ओरडायचं नाही. कुरियरवाले भैया खोकी आपटून जायचे. आणि मग जेवताना एकदा त्या म्हणाल्या, “मी दीक्षितपुऱ्याला जाऊन राहिली. गुडघा आता चालतो माझा.”

म्हणजे त्या परत चालल्या होत्या. नवऱ्यानं जिन्याची गोष्ट काढली.

“चढीन हळूहळू. वर गेल्यावर माणसं तर आहेत,” आई म्हणाल्या.

शेवटी तो शनिवारी सोडून येतो म्हणाला. मला मुंग्यांचा राग आला होता, नियमाचा राग आला होता, वाटी घासून देणाऱ्या त्या भल्या बाईंचासुद्धा आला होता. खरं तर मला रडू येत होतं आणि रडण्यापेक्षा रागावणं मला सोपं जातं.

शनिवारी सकाळी आईंनी सामान भरलं, तेही आमच्याच दुकानाच्या कापडी पिशवीत. “हिचे बंद मजबूत आहेत,” म्हणाल्या. पिशवी दाराशी उभी होती, तिच्यावर उघडं कुलूप छापलेलं. नवरा गाडीत हवा भरायला गेला होता. तेवढ्यात कुरियरवाले भैया एक पार्सल घेऊन आले.

ते पार्सल यायला नको होतं. दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या एका गावी आमच्या एक सभासद राहतात. साखरेच्या त्या दिवसांतच त्यांना कप गेला होता आणि वाटेत त्याचा कान तुटला होता. त्यांनी फोटो पाठवला. मी स्पष्ट कळवलं होतं की फोटो पुरे, तुटका कप परत करू नका, नवा पाठवते. तरी हा कप परत आला होता. तुटका कप देशाच्या त्या टोकाहून कुणी कशाला पाठवावा? लोक लिहिलेलं वाचत का नाहीत? अशी बडबड करतच मी खोकं फोडलं आणि कप बाहेर काढला. कप जड लागला. त्याच्या तोंडावर धुतलेलं फडकं ताणून सुतळीनं बांधलेलं होतं. मी सुतळी सोडली. आत काठोकाठ काळी मिरी. सोबत एक ओळसुद्धा नाही.

मी तो कप नेऊन आईंपुढं ठेवला.

आईंनी एक दाणा उचलला, बोटांत फिरवला, दाताखाली फोडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, तिखट आहे का फार?

“वेलीवरून काढून वाळवली आहे. घरची आहे,” त्या म्हणाल्या. मग कप जवळ ओढून म्हणाल्या, “त्यांच्यातपण नाही पाठवत.”

“काय नाही पाठवत?”

“रिकामं.” त्यांनी नाक पदराला पुसलं. “यांना नवा कप गेला?”

“आज पाठवायचा आहे.”

“आण.”

मी नवा कप आणला. आईंनी त्यात डोकावून पाहिलं, आणि मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, “साखर नको. मुंग्या येतात.” जरा विचार केला. “हळकुंड. हळदीच्या वाटेला मुंगी जात नाही.”

हळकुंडं पिशवीत होती, पार तळाशी. आई दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या ठरलेल्या किराणेवाल्याकडूनच हळकुंडं आणायच्या आणि घरी दळायच्या. आता जाताना ती परत घेऊन चालल्या होत्या, कारण त्यांच्या मते आम्हाला पाकिटातलीच हळद आवडते. त्यांनी दाराशी जाऊन पिशवी उचलून आणली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागल्या. साड्या. गुडघ्याला लावायचं तेल. रेशमी कापडात गुंडाळलेले देव. सासऱ्यांचा फोटो. आणि ती लखलखीत घासलेली वाटी. सगळ्यात शेवटी हळकुंडांची पुडी. त्यातलं चांगलं जाडजूड हळकुंड त्यांनी निवडलं, कागदात बांधलं, कपात ठेवलं, कपाला वर्तमानपत्र गुंडाळलं. मग कोपऱ्यात रचलेल्या माझ्या ओबडधोबड खोक्यांकडे पाहून नाक मुरडलं.

“ही कोणी बांधली? काढ सगळी. कैची दे.”

मी कात्री दिली. नियम मीच टाइप केला होता, आणि मीच टेपचं रीळ हातात धरून बसले. रविवारी काय सांगायचं ते मला माहीत होतं. जे लिहिलंय ते उघडून बदलता यावं, हेच तर आम्ही इतकी वर्षं सगळ्यांना शिकवतोय. खोकी एकामागून एक उघडत गेली, प्रत्येकात हळकुंड पडत गेलं, आणि आई पुन्हा विचारायला लागल्या, हे कुठं, ते कुठं. तेवढ्यात फोन टणकन वाजला.

“दुकान वाजलं!” आई ओरडल्या. मी शेजारीच बसले होते, तरी ओरडल्या.

मी जमिनीवरच्या साड्या उचलून गुपचूप आत नेल्या आणि कपाटात ठेवल्या. देव देवघरात ठेवले. परत आले तर नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता.

“आई, निघायचं ना? पिशवी खाली नेऊ?” त्यानं पिशवी उचलली, आणि ती त्याच्या हातात अलगद वर आली. तो पिशवीकडे आणि मग आमच्या दोघींकडे पाहायला लागला.

आईंनी दातानं टेप तोडली.

“काहून नेऊन राहिला? रिकामी आहे ना ती,” त्या म्हणाल्या. “आपल्या घरून रिकामी पिशवी जात नसते कुठं.”